रत्नागिरी शहर नीट कसं पाहावं? (प्रवेश, परीक्षा, वसतिगृहाच्या कामाला येणाऱ्यांसाठी)

सड्यावरून

जून-जुलै आला की प्रवेशाच्या किंवा मुलांना वसतिगृहावर सोडायच्या निमित्ताने बाहेरगावचे बरेच पालक रत्नागिरीत येतात. १९४५ पासूनचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, मिरजोळे एमआयडीसीतलं फिनोलेक्सचं अभियांत्रिकी आणि तिथलंच मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र, शासकीय तंत्रनिकेतन, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. काम तास-दोन तासांचं असतं. उरलेला दिवस बहुतेक जण गणपतीपुळ्याला धावत जाऊन येण्यात घालवतात आणि शहर राहून जातं. ते राहू नये म्हणून हा धागा. माहीतगारांनी भर घाला.

आधी गावाची रचना समजून घ्या, म्हणजे पायपीट निम्मी होते. रत्नागिरी दोन पातळ्यांवर वसलेली आहे. साळवी स्टॉप, नाचणे, मारुती मंदिर, माळनाका हा वरचा सड्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठाराचा भाग. जयस्तंभावरून उतरलं की राम आळी, गोखले नाका, धनजी नाका, टिळक आळी ही जुनी बाजारपेठ आणि त्याच्याही खाली मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा ही बंदरं. नकाशात एक किलोमीटर दिसणारं अंतर उलट दिशेने गेलात तर दमट हवेतला चढ ठरतं. म्हणून वरून खाली फिरायचं आणि परत चढायला रिक्षा करायची.

थिबा राजवाड्यापासून सुरुवात करा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा मात्र १९१० मध्ये बांधून झाला. म्हणजे चोवीसेक वर्षं राजा इथल्या सरकारी बंगल्यांत राहिला आणि स्वतःच्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. लोक दर्शनी भागाचा फोटो काढून निघतात. तसं करू नका. मागच्या बाजूला जाऊन उतरती छपरं, अर्धगोल खिडक्या आणि त्यांवरचं लाकडी कोरीवकाम नीट बघा. आत राज्य शासनाचं संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असतं आणि काही दालनं दुरुस्तीसाठी मिटलेली असू शकतात. तासभर पुरतो. तिथून थोड्या अंतरावर थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, राजिवड्याच्या होड्या, पलीकडे भाट्याचा किनारा आणि मधला पूल असं सगळं एका नजरेत येतं. शहराचा भूगोल समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

पुढे उतरून टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान. २३ जुलै १८५६ चा जन्म, आणि दहाव्या वर्षापर्यंतचं बालपण इथलं. कौलारू, उतरत्या छपराचं कोकणी घर आहे. आत चित्रं-कागदपत्रं आहेत, पण मुख्य बघायचं ते घरच: ओटी, माजघर, जाड भिंती, आणि बाहेर उकडत असताना आत जाणवणारा गारवा. अर्धा तास द्या. तिथून पतितपावन मंदिराकडे वळा. सर्व जातींना मोकळं असलेलं हे मंदिर स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने उभं राहिलं आणि १९३१ मध्ये खुलं झालं; खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्याआधीची त्यांची कोठडी इथल्या विशेष कारागृहात आहे, पण ते चालू कारागृह असल्यामुळे परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. नुसतं दारात जाऊन उभं राहण्यात वेळ घालवू नका.

मग मांडवीला उतरा. इथली वाळू काळी आहे आणि ती घाण नव्हे. रत्नागिरीच्या आसपासच्या किनाऱ्यांवर इल्मेनाइटसारख्या जड, काळ्या खनिजांचे कण भरपूर आहेत. लाट हलकी वाळू ओढून नेते आणि जड काळे कण मागे राहतात. मुलं बरोबर असतील तर कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक कोरड्या वाळूवरून फिरवा. मॅग्नेटाइटचे बारीक काळे कण कागदाला मिशांसारखे उभे चिकटतात.

किल्ला मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी ठेवतो. एका संध्याकाळीत मांडवी आणि रत्नदुर्ग दोन्ही उरकायला गेलात तर दोन्ही ठिकाणी घड्याळ बघत राहाल.

खाडीकाठ

चांगला धागा. यात एक भर: इथलं वेळापत्रक घड्याळाआधी भरती-ओहोटीवर ठरवा. कॅलेंडरवरची तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. पहाटे एकदा, दुपारी एकदा. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला. ओहोटी त्यापासून सहा-सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण फिरायला जायचं ठरवण्यासाठी हा हिशोब पुरतो.

उपयोग असा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी लागते. त्या दिवशी भाट्याला जा. दीड किलोमीटरचा किनारा, मागे सुरूचं बन आणि पायाखाली टणक ओली वाळू, थेट टोकाच्या झरी विनायकापर्यंत चालत जाता येतं. अष्टमीच्या आसपास सूर्यास्तालाच भरती असते आणि वाळूची पट्टी अरुंद होते, पण तेव्हा भांगाची भरती असल्याने पाणी फार वर चढत नाही. ती संध्याकाळ थिबा पॉइंट किंवा किल्ल्यासाठी ठेवा. मिऱ्याच्या बाजूचा 'पांढरा समुद्र' नावाचा किनारा तर भरतीला जवळजवळ शिल्लकच राहत नाही. तिथे धूप इतकी झाली आहे की लाटा थेट संरक्षक बंधाऱ्याच्या दगडांवर आदळतात. ओहोटीलाच जायचं आणि बंधाऱ्याच्या दगडांवर चढायचं नाही, शेवाळामुळे ते कायम निसरडे असतात.

भाट्याला पोहायचं असेल तर पुलाकडचं टोक पूर्ण टाळा. तिथे काजळी नदी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की सगळी खाडी त्या तोंडातून बाहेर धावते, वर गाळ साचून तळ उंच-सखल झाला आहे. गुडघाभर पाण्यातून एका पावलात गळाभर पाण्यात जाता येतं.

एसटीने_येणारी

फार उपयोगी माहिती. दोन शंका. आमच्याबरोबर सासूबाई आहेत, गुडघे दुखतात, तर यातलं काय जमेल? आणि स्वतःची गाडी नाही. स्टेशनवर उतरून पुढचं सगळं एसटी-रिक्षाने होईल का?

राम_आळी

ताई, होईल. शहरात चारचाकी नसलेलीच बरी, बाजारपेठेत ती उभी करायला जागा मिळत नाही.

रेल्वे स्टेशन गावाबाहेर, सहा-सात किलोमीटरवर आहे. मुंबईहून कोकणकन्या किंवा तुतारीने रात्री निघालात की पहाटे उतरता. खोलीचा ताबा तेव्हा मिळत नाही, म्हणून लॉजवाल्याला आदल्या दिवशी फोन करून सामान ठेवायची आणि अंघोळीची सोय विचारून ठेवा. दिवसा यायचं तर पहाटे सुटणारी जनशताब्दी सोयीची. स्टेशनवरून रिक्षा मिळतात. भाडं बसण्याआधी ठरवा आणि उतरायची जागा "मारुती मंदिर", "जयस्तंभ", "मांडवी" अशी नाव घेऊन सांगा, नुसतं "स्टँड" म्हणू नका. कारण एसटीची दोन स्थानकं आहेत: मध्यवर्ती आणि रहाटाघर. ग्रामीण भागातल्या बऱ्याच गाड्या रहाटाघरहून सुटतात. पावस किंवा गणपतीपुळ्याची गाडी कुठून लागते ते आदल्या संध्याकाळी चौकशी खिडकीवर विचारून ठेवा.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या कमी वेगाने चालवतात आणि बऱ्याच गाड्यांच्या वेळा बदलतात. आधी काढलेल्या तिकिटावरची वेळ निघायच्या दिवशी पुन्हा तपासा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपतीच्या आसपासचं तिकीट त्या दिवशी सकाळीच बघावं लागतं.

सासूबाईंसाठी: टिळक जन्मस्थान, पतितपावन, थिबा राजवाड्याचा तळमजला आणि थिबा पॉइंट आरामात. वय ६५ च्या पुढे असेल तर आधार कार्ड हाताशी ठेवा, एसटीत निम्मं तिकीट आणि ७५ नंतर मोफत. तुम्हालाही महिला म्हणून निम्मंच पडेल. रत्नदुर्गावर रिक्षा बरीच वर, देवळाच्या जवळपास जाते. पुढे पायऱ्या आहेत, पण थोड्या, थांबत-थांबत चढता येतात. भगवतीचं दर्शन घडवा. तटावरची फेरी त्यांना लावू नका, वाट खडबडीत आहे.

पेठकिल्ला

किल्ल्याचं मी लिहितो, कारण लोक देऊळ बघून परत फिरतात.

रत्नदुर्ग घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे, तीन बाजूंनी समुद्र. त्याचे तीन भाग धरा. भगवती देवीचं देऊळ असलेला बालेकिल्ला, दीपगृहाचा डोंगर, आणि खाली वस्ती असलेला पेठकिल्ला. बहामनी काळातला किल्ला, पुढे आदिलशाहीत गेला आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. पायथ्याचं भागेश्वर मंदिरही बघा, तेही भागोजीशेठ कीरांनीच बांधलेलं.

क्रम असा ठेवा. चारच्या सुमारास दीपगृहाकडे जा. ते ठरावीक वेळेतच पर्यटकांना उघडतात, छोटं तिकीट असतं, आणि उशिरा पोचलात तर दार बंद. वरून एका बाजूला मिरकरवाडा बंदर आणि मिऱ्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मांडवी-भाट्ये. मग बालेकिल्ल्यात येऊन तटावरून पूर्ण फेरी मारा. देवीसमोरून निघून डाव्या हाताने तट धरून चाला, म्हणजे उतरतं ऊन पाठीवर न येता समुद्रावर दिसतं. सूर्यास्त बघून लगेच निघा. परतीला रिक्षा सहज मिळत नाही. येतानाच्या रिक्षावाल्याला थांबवून ठेवा किंवा परत यायची वेळ सांगून ठेवा.

किल्ल्याखाली समुद्राच्या बाजूला गुहा आहे. वरून दाखवतात तेवढी पुरे. खाली उतरायचं धाडस करू नका, लाटेचा जोर कड्याच्या पायथ्याशी अचानक वाढतो. पावसाळ्यात तर तटाच्या जांभ्यावर हिरवं शेवाळ येतं. प्लास्टिकच्या चपला घालून चढलेले हमखास घसरतात. रबरी तळव्याचे, खाचा असलेले बूट हवेत.

याच भागात सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. पन्नास फुटांहून लांब देवमाशाचा सांगाडा हे तिथलं मुख्य आकर्षण. मत्स्यशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या मुलांनी तर हे आधी बघावं. पुढची चार वर्षं ज्यांची नावं पाठ करायची आहेत ते मासे इथे पोहताना दिसतात.

मिरकरवाडा_पहाट

माशांचं कोणी लिहिलं नाही अजून.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. नेमका प्रवेशाचा हंगाम. या काळात मिरकरवाडा बंदरात सगळ्या नौका ओळीने नांगरलेल्या दिसतात, काही ओढून वर घेतलेल्या. सुरमई, पापलेट ताटात मिळाली तरी ती बहुधा बर्फातली, आणि भाव चढे. तेव्हा काय खायचं? खाडीचा माल. खेकडे, कालवं, मुळे (पुण्या-मुंबईकडचे लोक ज्यांना तिसऱ्या म्हणतात), आणि सुकं: सोडे, सुका बांगडा, जवळा. पावसात तांदळाची भाकरी आणि सोड्याची आमटी किंवा मुळ्यांचं सुकं हे जेवण सुरमईच्या थाळीपेक्षा कणभर कमी नाही, उलट ते त्या दिवसांचं जेवण आहे.

ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत आलात तर बंदरावर सकाळी लवकर जा. मासळी उतरते, टोपल्यांचे ढीग लागतात आणि लिलाव फार भराभर होतो. मधे उभं राहून फोटो काढू नका, डोक्यावर टोपली घेतलेल्या बायकांची वाट अडते. सुटी मासळी घ्यायची तर बाजूला बसलेल्या विक्रेत्यांकडून. बांगडा घेताना कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवा. डोळा फुगीर आणि चकचकीत. पोटावर बोट दाबल्यावर खड्डा राहिला तर पुढे चला. घरी न्यायची असेल तर साफ करून, थर्माकोलच्या पेटीत खाली-वर बर्फ घालून बांधून मिळते. रात्रीच्या गाडीने नेली तर सकाळपर्यंत टिकते. सोमवार, चतुर्थी आणि श्रावणात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा खानावळीत आधी विचारून बसा.

आणि शाकाहारींनी हिरमुसून जाऊ नये. घावन, आंबोळी, कुळथाचं पिठलं, काजूची उसळ (ओल्या काजूची, ती फेब्रुवारी ते एप्रिल), सोलकढी आणि उकडीचे मोदक आहेत.

एसटीने_येणारी

राम_आळी, पेठकिल्ला, मनापासून आभार. आता गणपतीपुळे. सगळेच "धावत जाऊ नका" म्हणताय, पण सासूबाईंना दर्शन हवंच आहे.

आरेवारे

दर्शन घ्याच, फक्त सकाळी लवकर निघा आणि रस्ता योग्य धरा. दोन रस्ते आहेत. महामार्गावरून निवळी फाट्याने येणारा लांबचा, मुंबईहून परस्पर गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांचा. शहरातून जायचं तर शिरगाव, साखरतर, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे असा सागरी रस्ता, साधारण २५ किलोमीटर. आरे-वारेच्या मधल्या डोंगरावरून दोन्ही बाजूंचे किनारे एकदम दिसतात. तिथे गाडी वळणावर उभी करू नका, थोडं पुढे जागा आहे. बसने जाणार असाल तर "आरेवारे मार्गे" अशी पाटी आहे का ते विचारून चढा, नाहीतर खिडकीतून समुद्र दिसणारच नाही.

देवळाभोवतीच्या डोंगराची प्रदक्षिणा एक किलोमीटरच्या आसपास आहे, फरसबंद वाट आहे, सासूबाईंना सावकाश जमेल. पावसात मात्र फरशी ओली असते. संकष्टी, आणि त्यातही अंगारकी टाळा.

पाण्याचं नीट वाचा. गणपतीपुळ्याचा किनारा उतरता आहे, भाट्यासारखा सपाट नाही. लाट फुटून वर आलेलं पाणी परत जाताना एखाद्या घळीतून एकवटून जोरात आत जातं. वरून बघताना आजूबाजूला पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधेच एक पट्टा शांत, गडद, गढूळ दिसतो. लोकांना तोच सुरक्षित वाटतो आणि तोच ओढून नेतो. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर यायचं आणि मग लाटेबरोबर आत. पोहता येत नसेल तर घोट्यापर्यंतच. खाडीकाठांनी वर दिलेला हिशोब इथे लावा: चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. दर्शन आणि जेवण उरकून गर्दी पाण्यात उतरते ती नेमकी ओहोटी लागताना. जीवरक्षक शिट्टी मारतात तेव्हा लगेच बाहेर या, त्यांच्याशी वाद घालू नका. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका.

वेळ उरला तर मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. कवितेची आवड असलेल्याने अर्धा-पाऊण तास ठेवावा. त्याच्या पुढे जयगड किल्ला आणि तिथून तवसाळला जाणारी फेरीबोट, गाडीसकट पलीकडे गुहागर तालुक्यात उतरवते. पण हे सगळं एका दिवसात कोंबू नका.

कातळखोद

मी सड्यांबद्दल लिहितो. रत्नागिरीच्या भोवतालच्या उघड्या कातळावर इतिहासपूर्व काळातली खोदचित्रं आहेत: हत्ती, मासे, माणसं, आणि काही न उलगडलेल्या आकृत्या. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी तालुक्यात उक्षी, चवे, देऊड, जांभरूण, आणि राजापूर तालुक्यात कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही कातळशिल्पांची काही प्रमुख ठिकाणं.

पहिल्यांदा येणाऱ्याने उक्षी निवडावं. तिथे हत्तीच्या चित्राला कठडा घातलेला आहे, त्यामुळे काय आणि कुठे बघायचं हे कळतं. बाकीच्या ठिकाणी गावातल्या माहीतगाराशिवाय कातळावर उभं राहूनही चित्र सापडत नाही. भर दुपारी जाऊ नका. एक तर सड्यावर सावली नाही, आणि डोक्यावरच्या उन्हात खोदरेषेत सावली पडत नसल्याने आकृती सपाट होऊन जाते. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर तिरप्या उन्हात तीच रेष ठसठशीत उठते. फोटोसाठी खडूने रेषा भरणं, दगडाने घासणं, आत उभं राहणं हे कृपया कोणी करू नका. जांभा मऊ दगड आहे, बुटांनी झिजतो.

ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत याच सड्यांवर रानफुलांचे गालिचे असतात. कॉलेजचं पहिलं सत्र चालू असतं, मुलांना भेटायला येणाऱ्यांनी तेव्हा यावं.

पावस_फाटा

दक्षिणेकडची बाजू कायम दुर्लक्षित राहते. भाट्याचा पूल ओलांडला की नारळ संशोधन केंद्र लागतं. बागायतदारांनी रोपांची चौकशी तिथे करावी. पुढे गणेशगुळे. "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला" ही इथली म्हण ज्या देवळाची, ते हे. खालचा किनारा शांत आहे, पण दुकानं नाहीत, पाणी बरोबर घ्या. मग शहरापासून वीसेक किलोमीटरवर पावस, स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर. दुपारच्या खिचडीच्या प्रसादाच्या वेळी पोचाल असं निघा. आणि त्याच्याही पुढे मुचकुंदी खाडीच्या मुखावर पूर्णगड. लहानसा, पण तट शाबूत असलेला किल्ला, गावातून दहा-पंधरा मिनिटांची चढण. समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर डोकावलं की खाडी आणि समुद्र जिथे मिळतात ती जागा पायाशी दिसते. एसटीने पावसपर्यंत सोपं आहे, पूर्णगडच्या फेऱ्या कमी, म्हणून परतीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारा.

नाचणे_रोड

मुलांना ठेवायला येणाऱ्यांसाठी थोडं. खोली बघताना भाड्याच्या आधी भिंती बघा. पश्चिमेची भिंत उघडी असेल आणि तिला बाहेरून पत्रा किंवा झापांचं आच्छादन नसेल तर जुलैत ती आतून ओली होणार. कपाटाच्या मागे हात फिरवा, ओल किंवा बुरशीचा वास आला तर दुसरी खोली बघा. मे महिन्यात पाणी किती वेळ येतं आणि विहीर आहे का, हेही विचारा. पाऊस एवढा पडूनही जांभ्यातून तो झिरपून जातो आणि उन्हाळ्यात टंचाई होते.

मूळ प्रमाणपत्रं कापडी पिशवीत आणू नका, झिपच्या प्लास्टिकच्या पाकिटात आणा आणि झेरॉक्स प्रती वेगळ्या ठेवा. सड्यावर वाऱ्यापुढे छत्री उलटी होते, रेनकोटच हवा. चामड्याचे बूट पावसाळाभर घरीच ठेवलेले बरे, आठवड्यात बुरशी धरतात.

मिरजोळे किंवा शिरगावला शिकणाऱ्याने राहायला गावात खाली घेऊ नये, रोजचा चढ आणि बस बदलणं नको होतं. मिरजोळ्यासाठी साळवी स्टॉप-नाचणे हा पट्टा सोयीचा, गोगटे-जोगळेकरसाठी माळनाका ते जयस्तंभ. आणि मुलांना एक सांगा: शहरात १८२८ साली स्थापन झालेलं नगर वाचनालय आहे. पहिल्या आठवड्यातच सभासद व्हावं.

कलमबाग

परीक्षेच्या निमित्ताने एप्रिल-मेमध्ये येणाऱ्यांसाठी आंब्याचं. पेटी घेताना आधी विचारा "कच्चा की तयार", मग डझन किती. चार ते सहा डझनांची पेटी असते. फळ जितकं मोठं तितके डझन कमी. प्रवासात न्यायला चौदा आणे (सोळातले चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झालेला कच्चा आंबा घ्या. घरी पेंढ्यात एक थर, देठ वर, हवा खेळेल अशा खोलीत, आठवड्याभरात पिकतो. रोज वरखाली करून पिवळा झालेला बाहेर काढा, नाहीतर एक डागी फळ शेजारची दोन नेतं. फ्रिजमध्ये कच्चा ठेवला तर तो पिकत नाही, नुसता सुरकुततो. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे "साका निघाला तर फळ बदलून देणार का" हे पैसे देण्याआधी विचारा. महामार्गालगत उतरवलेल्या पेट्यांत परराज्यातला माल मिसळलेला असू शकतो. वरची ओळ नव्हे, खालच्या थरातलं फळ काढून देठाशी वास घ्या. तयार हापूस देठाशी घमघमतो, रंग पूर्ण आलेला नसला तरी.

एसटीने_येणारी

आमचं असं ठरतंय: पहिला दिवस कॉलेजचं काम, मग टिळक आळी आणि मांडवी. दुसरा दिवस सकाळी गणपतीपुळे, संध्याकाळी किल्ला. तिसरा दिवस राजवाडा, पावस आणि रात्रीची गाडी. तिसरा दिवस सोमवार आहे.

सड्यावरून

सोमवारी राजवाड्याचं संग्रहालय बंद. तो पहिल्या दिवशी घ्या, कॉलेजचं काम दुपारी एकपर्यंत संपलं तर अडीचला राजवाडा, चारला टिळक आळी, साडेपाचला मांडवी. दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याहून दोनच्या आत निघा, नाहीतर दीपगृह चुकेल. पावस तिसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, दुपारच्या प्रसादानंतर परत. संध्याकाळी खोली सोडून भाट्याला जाऊन येता येईल, तिथून स्टेशनला जायला रिक्षा आधीच सांगून ठेवा.

खाडीकाठ

तारीख कळवा, त्या दिवसांच्या तिथी बघून भाट्याला किती वाजता जायचं ते सांगतो.